तुम्ही विचारलंत म्हणून: स्पेनमधला शिळा पाव

"स्पेनमध्ये राहत होतात ना? मग तिकडचं खायला काय आवडलं?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीपासून बँकेतल्या रांगेपर्यंत कुठेही विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर तयारच असतं: पाएया. मी "शिळा पाव" म्हटलं की त्यांना वाटतं, बाई चेष्टा करतायत.

पाएयाचं आधी उरकून टाकते. तो भाताचा पदार्थ पूर्व किनाऱ्यावरच्या व्हॅलेन्सियाचा, आणि आम्ही राहायचो ग्रनादात, म्हणजे दक्षिणेकडच्या अंदालुसियात. व्हॅलेन्सियाच्या अस्सल पाएयात कोंबडी आणि ससा असतो, चपट्या हिरव्या शेंगा असतात, डबल बीचे दाणे असतात. कोळंबी-शिंपल्यांचा भात तो वेगळा. पाएया दुपारी खातात. रात्री मागवणारा पर्यटक असतो. तळाला लागलेल्या खरवडीवरून भांडणं होतात, आणि ती रास्तच आहेत. मला आवडतो, पण तो रविवारचा, दहाजण जमल्यावरचा पदार्थ. जीव जडला तो रोजच्या जेवणावर.

अंदालुसियाच्या या भागात जिकडे बघाल तिकडे ऑलिव्हची झाडं. ग्रनादाच्या उत्तरेला हाएन प्रांत आहे, जगात सगळ्यात जास्त ऑलिव्ह तेल तिथलं. तिथून गाडी नेली तर तासन् तास दोन्ही बाजूंना तेच, ओळीत लावलेलं. बड्या जमीनदारांच्या शेतांवर रोजंदारीने राबणाऱ्या माणसांच्या घरी वर्षभर हमखास असायचं ते तेल, लसूण आणि पाव. हवा कोरडी, त्यामुळे घरचा जाड सालीचा पाव दोन दिवसांत दगड. तो टाकायचा नाही, एवढ्या एका अटीवर तिथल्या बायकांनी अख्खा स्वयंपाक उभा केला आहे.

त्यातला माझा सगळ्यात लाडका म्हणजे कोर्दोबा शहराचा सालमोरेहो, टोमॅटोचं गार, दाट सूप. आमच्या खालच्या मजल्यावर कोर्दोबाच्या एक आजी राहायच्या, त्यांच्या ओट्याशी उभी राहून मी तो शिकले. एक किलो लालभडक, पिकून मऊ झालेले टोमॅटो मिक्सरमधून काढून गाळायचे, म्हणजे साल आणि बिया जातात. त्या रसात दोनशे ग्रॅम शिळा पाव तुकडे करून भिजवायचा. दहा मिनिटांनी लसणाची एक पाकळी आणि मीठ घालून पुन्हा फिरवायचं, आणि मिक्सर चालू ठेवूनच वरून शंभर ग्रॅम ऑलिव्ह तेलाची बारीक धार सोडायची. इथे गंमत होते. भांड्यातला लाल रंग डोळ्यांदेखत फिका होत केशरी होतो, आणि पातळ रस दाटून चमच्यावर बसायला लागतो. तेल वेगळं दिसतच नाही. मग फ्रीजमध्ये गार करायचं आणि खोलगट वाडग्यात वाढून वर उकडलेल्या अंड्याचा चुरा आणि हामोनचे बारीक तुकडे घालायचे. हामोन म्हणजे मीठ लावून महिनोन् महिने वाळवलेली डुकराची मांडी. व्हिनेगर घालू का, असं मी विचारलं तेव्हा आजींनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की काकडीचं विचारायची हिंमत झाली नाही. काकडी, ढोबळी मिरची, व्हिनेगर हे सगळं गास्पाचो नावाच्या दुसऱ्या गार टोमॅटो सूपात. तो पातळ असतो आणि पेल्यातून पितात.

जुलैत पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा दुपारी अडीच वाजता (हो, जेवण तेव्हाच) दुसरं काही घशाखाली उतरत नाही.

टोमॅटो अमेरिकेतून आला, म्हणजे त्याआधी हे सगळं पांढरंच असणार. तसं एक अजून मिळतं: मालागाकडचं आहोब्लांको. बदाम, लसूण, पाव, तेल, व्हिनेगर आणि गार पाणी, वर हिरवी द्राक्षं. पाहुण्यांना मी ते आधी न सांगता द्यायचे. दूध समजून पहिला घोट घेणाऱ्याला लसूण लागला की चेहरा बघण्यासारखा होतो.

थंडीत तोच पाव मिगास होऊन येतो. आदल्या रात्री पाण्याचा हबका मारून ठेवलेला चुरा, भरपूर तेलात सोललेल्या आणि न सोललेल्या लसणाबरोबर, मोकळा होईपर्यंत परतत राहायचं. आपला फोडणीचा कुस्कराच, फक्त सोबतीला तळलेल्या मिरच्या, मासळी आणि चक्क द्राक्षं किंवा डाळिंबाचे दाणे. ग्रनादा-अल्मेरियाकडे पाऊस पडला की घरोघरी मिगास शिजतात.

दुसरा ठरलेला प्रश्न: शाकाहारी माणसाचं तिथे कसं होतं? होतं, पण प्रत्येक वेळी विचारावं लागतं. "मांस नको" म्हटलं तरी सॅलडवर ट्यूना येतो आणि भाजीत हामोन, कारण वाढणाऱ्याच्या लेखी ते मांसात मोडतच नाही. नाव घेऊनच नाही म्हणायचं. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना दोन पदार्थांनी तारलं. एक सेव्हिलचा, पालक आणि काबुली चण्यांचा. त्यात जिरं असतं, धुरावलेल्या लाल मिरचीची पूड असते, आणि दाटपणाला तेलात तळून लसणाबरोबर खलात कुटलेला, अर्थातच, पाव. "अगं, यांना जिरं कळतं!" ही सासूबाईंकडून मिळालेली सर्वोच्च पदवी.

दुसरा पदार्थ वांग्याचा. वांग्याच्या पातळ फोडी पिठात घोळवून कुरकुरीत तळायच्या आणि वरून काकवी. मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा बाटलीच मागवून घेतली. लेबलवर उसाचा मध असं लिहिलेलं असतं, पण ती निव्वळ काकवी आहे. अरबांनी ग्रनादाच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर ऊस आणला आणि तिथल्या मोत्रील गावाच्या आसपास तो शेकडो वर्षं पिकला. शेवटचा साखर कारखाना 2006 साली बंद झाला. फ्रिहिलियाना नावाच्या डोंगरावरच्या पांढऱ्याशुभ्र गावात काकवीचा कारखाना मात्र चालू आहे. कोल्हापूरकडच्या कुणाला स्पेनला जायचं असेल, तर ग्रनादाच्या प्रसिद्ध आलाम्ब्रा राजवाड्याच्या आधी तिथे जा, असं मी सांगते.

ग्रनादात पेयाबरोबर खाण्याची छोटी बशी फुकट येते, हे खरं आहे. बहुतेक ठिकाणी बशीत काय येईल ते तुम्ही ठरवायचं नसतं. शाकाहाऱ्यांनी आधीच बोलून घ्यावं.

बटाट्याच्या ऑम्लेटबद्दल, म्हणजे तोर्तियाबद्दल, मी कुणाशी बोलत नाही. त्यात कांदा घालावा की नाही यावर आख्ख्या देशात दोन तट आहेत, आणि मी कांदेवाल्यांतली आहे.

आता तिसरा प्रश्न: इथे सालमोरेहो जमतो का? जमतो. संकरित, टणक टोमॅटो घेऊ नका. गावठी, आंबटसर, अति पिकलेले घ्या, भाजीवाला कमी भावात देतो तेच. लादीपाव आणि स्लाइस ब्रेड दोन्ही गोड असतात, त्यांनी चव बिघडते. बेकरीतला साधा, बिनसाखरेचा, कडक सालीचा पाव शोधा. तेल एक्स्ट्रा व्हर्जिनच हवं. पोमेस (म्हणजे उरलेल्या चोथ्यातून काढलेलं तेल) लिहिलेली स्वस्त बाटली तळणीला ठीक, सालमोरेहोला नाही. अंडं नको असेल तर वर काकडीच्या फोडी चालतील. आजी काही बघायला येत नाहीत. फ्रीजमध्ये दोन दिवस राहतो. तिसऱ्या दिवशी लसूण फार उग्र होतो.