पॅड कोरडं होतं, रक्त आतच साचत होतं

मावशीचं अंग बाहेर यायचं, कित्येक वर्षं लाजेपायी कोणाला बोलली नाही, शेवटी नागपुरात धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात पिशवी काढली अन् योनीचा वरचा भाग आतल्या लिगामेंटला, म्हणजे हाडांना जोडणाऱ्या चिवट पट्ट्याला, टाके घालून टांगला, सॅक्रोस्पायनस फिक्सेशन म्हणतात त्याला. संध्याकाळी म्हणे कुल्ल्यात भल्लं दुखून राहिलं, संडासला लागल्यासारखं होते. पॅड कोरडं म्हणून आम्ही निवांत, पण सिस्टरनं नाडी पाहिली तर पळत होती, बीपी खाली, तिनंच रात्री डॉक्टरला उठवलं. मानलं बाप्पा तिला.

त्या लिगामेंटच्या जवळूनच कुल्ल्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या जातात, इन्फिरिअर ग्लुटिअल, प्युडेंडल वगैरे. सुई लागली की रक्त बाहेर न दिसता आतल्या आत साचू शकते.

नातेवाईक सगळे एका सुरात, पुन्हा उघडा अन् गळणारी नस बांधून टाका! पण एवढ्या खोल, रक्तानं भरलेल्या जागेत ती बारीक नस सापडणं कठीण, अन् उघडलं की साचलेल्या रक्ताचा दाबही जातो, जो थोडाफार गळती रोखून असतो. कमरेच्या खोलातली मोठी रक्तवाहिनी इंटर्नल आयलिअ‍ॅक बांधली तरी आजूबाजूच्या वाहिन्यांतून रक्त येऊ शकतं, आणि वरून नंतर कॅथेटर म्हणजे बारीक नळी न्यायचा रस्ताच बंद होऊन बसतो.

सीटी अँजिओत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या स्कॅनमध्ये, नसेत सोडलेला डाय गळताना दिसला, मग रामदासपेठेत कॅथ लॅबला, जिथं स्क्रीनवर बघत नसांत नळी घालतात, तिथं नेलं. जांघेत फक्त जागा बधिर करून बारीक नळी घातली, स्क्रीनवर बघत बघत गळणाऱ्या फांदीपर्यंत नेली अन् तिथं कॉइल, म्हणजे बारीक तारेचं वेटोळं, सोडून ती बंद केली, ह्यालाच एम्बोलायझेशन म्हणतात, झालं. कधी कधी जेलफोम हा स्पंजसारखा पदार्थ वापरतात, तो काही आठवड्यांत विरघळतो, कॉइल कायमची. मावशी जागी होती अन् आतमध्ये चहा मागत होती म्हणे! नंतर तो पाय बरेच तास सरळ ठेवायचा, ह्याच्यावरच तिची जास्त कटकट.

साचलेल्या रक्ताच्या प्रत्येक गाठीला हे लागत नाही, छोटी असली तर रक्त चढवून, हिमोग्लोबिन बघत थांबतात, आपोआप जिरते. पू झाला तर सोनोग्राफी किंवा सीटीत बघून नळी टाकतात. एम्बोलायझेशननंतर कुल्ला दुखू शकतो, डायचा किडनीवर ताण येतो, आणि पेशंट हलवण्यासारखाच नसेल तर ओटीशिवाय इलाज नाही.

माझा राग एवढाच की सहीच्या फॉर्मवर रक्तस्रावाचा धोका छापलेला असते, पण रात्री इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे असं नळीनं रक्त थांबवणारा डॉक्टर, मिळेल का, कुठं शिफ्ट करणार, हे कोणी सांगत नाही. आपणच ऑपरेशनच्या आधी विचारून घ्या, डॉक्टर तोंड वाकडं करो नाहीतर काही करो.