बोरूचा बाण

बाण करायचा म्हटला की जो तो आधी पिसांचं विचारतो. वेळ खातो तो दांडा. सातपुड्यातले भिल्ल आणि पावरा तिरकामठ्याला बांबू वापरतात; कामठ्याची दोरीसुद्धा बांबूच्या कामटीचीच. मी तापीकाठचा बोरू घेतला. हलका, पोकळ, करंगळीहून बारीक. पिवळा पडलेला, पिकलेलाच तोडायचा. कोवळा वाळताना सुरकुततो. धडगावकडच्या एका पावरा बाबांना तो दाखवला, तर हातात फिरवून म्हणाले, "घाई करू नको भो, सावलीमा वाळू दे." आपल्याकडच्या उन्हात तो सरळ चिरतोच.

वाळला तरी वाकडाच असतो. मग शेगडीतल्या निखाऱ्यांवर (जाळावर नाही, करपतो) वाकलेली जागा फिरवत तापवायची. हाताला चटका बसेल इतकी तापली की उलट्या बाजूला जरा जास्तच वाकवायची आणि गार होईपर्यंत तशीच धरून ठेवायची. एक डोळा मिटून टोकाकडून बघायचं, की दुसरीच जागा वाकडी दिसते. पेरावर सगळ्यात जास्त जोर लागतो. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथं कसर राहिली तर पुढची सगळी मेहनत वाया.

दोरी बसायची खाच पेराच्या अगदी वर घेतली. पेर खाली नसेल तर दोरीच्या धक्क्यानं दांडा उभा फाटतो. पुढच्या पोकळीत अंजनाच्या वाळक्या फांदीचा, वीतभर लांबीचा तुकडा निमुळता करून ठोकला. अंजन खानदेशात मुबलक आणि लोखंडासारखं जड; बाणाचं वजन पुढं आलं की तो तरंगत नाही, नीट जातो. कोयत्याची धार मात्र पार जाते. सांध्यावर अंबाडीचा दोरा आवळून गुंडाळला.

मोराची पिसं घ्यायचा सल्ला पुष्कळांनी दिला. मोर 1972 च्या कायद्यानं संरक्षित, त्यामुळे ती भानगडच नको. टर्की पाळणाऱ्या एकाकडून पंखांची पिसं आणली. तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची हवीत, डावी तर डावीच. त्यांचा बाक एकाच दिशेचा असला की बाण फिरत जातो. पिसाचा दांडा मधोमध चिरून, घासून पातळ केला. पुढचं टोक तर अगदीच निमुळतं केलं, नाहीतर सुटताना हात कापतो. दोन्ही टोकांना अंबाडी, आणि मधे पिसाच्या तंतूंतून दोरा वेढत नेला.

जनावराची तात ओली बांधली की वाळताना आवळते. अंबाडी तशी आवळत नाही. म्हणून वेढ्यांवर लाख वितळवून फिरवली. विळ्याची मूठ बसवतात तीच लाख, फक्त विटेची भुकटी न घालता.

नेम कडब्याच्या पेंढीवर. शिकार कायद्यानं बंद आहे. बाण खुंटीला उभे टांगून ठेवलेत. पावसाळ्यात ओल धरली की बोरू परत वाकतो, तेव्हा शेगडी पुन्हा पेटवावी लागते.