नवं .३२ पिस्तूल अडकतंय आणि ग्रुप डावीकडे जातोय? कानस हातात घेण्याआधी हे तपासा

परवाना हातात आला, छोटं .३२ पिस्तूल घरी आलं, आणि रेंजवर पहिल्याच दिवशी दोन तक्रारी सुरू झाल्या: गोळी मध्येच अडकते, आणि लागते ती खाली डावीकडे. या दोन्ही तक्रारी एकदम सोडवायला जाऊ नका. आधी फीडिंग, म्हणजे मॅगझिनमधून (काडतुसं भरायच्या पेटीतून) काडतूस नळीत चढणं, मग साइट, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा. पुढच्या वेळी अडकेल की काय, ही धास्ती मनात असली की ट्रिगर दाबताना हात आवळला जातो. अशा हाताने मारलेल्या ग्रुपवरून (कागदावरच्या गोळ्यांच्या पुंजक्यावरून) साइट सरकवली, तर पिस्तूल सुरळीत चालायला लागल्यावर ती परत सरकवावी लागते.

परदेशी व्हिडिओत सांगतात, दोनशे-तीनशे राउंड मारा, आपोआप मोकळं होईल. आपल्याकडे काडतुसं परवान्यावरच्या मर्यादेत आणि मोजून मिळतात, शिवाय महाग. म्हणून प्रत्येक काडतुसातून काहीतरी कळलं पाहिजे. एक छोटी वही ठेवा. कोणतं मॅगझिन, कोणत्या डब्यातली काडतुसं (डब्यावरचा लॉट नंबर), मॅगझिनमधलं कितवं काडतूस अडकलं आणि नेमकं कुठे अडकलं, एवढ्या चार गोष्टी लिहा. मॅगझिन दोन असतील तर तळाच्या प्लेटवर पांढऱ्या रंगाने १ आणि २ लिहून टाका. अडचण मॅगझिनबरोबर फिरते, की पिस्तुलातच राहते, हे कळलं की निम्मं काम झालं.

अडकलेलं पिस्तूल मोकळं करताना क्रम चुकवू नका. तोंड टार्गेटकडे, बोट ट्रिगरबाहेर, आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) दोन-तीनदा पूर्ण मागे ओढायची, मग चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे) डोळ्याने बघायचं आणि करंगळीने चाचपायचं. मॅगझिन आत ठेवून स्लाइड ओढली तर चेंबर पुन्हा भरतं. ट्रिगर दाबल्यावर नुसताच ‘खट्’ आवाज आला तर तोंड टार्गेटकडे धरून तीस सेकंद थांबा, दारू उशिरा पेटू शकते. आणि आवाज नेहमीपेक्षा बारीक, फुसका आला तर पुढचा राउंड अजिबात मारू नका. गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि मागून दुसरी आली तर नळी फुटते. मॅगझिन काढा, स्लाइड मागे अडकवा, नळीतून उजेड दिसतो का ते पाहा.

पहिली स्वच्छता पटकन सांगतो. कारखान्यातून येताना लावलेलं तेल किंवा ग्रीस गंज रोखण्यासाठी असतं, ते चालवण्यासाठी नसतं. ते चेंबरमधून, फीड रॅम्पवरून (काडतूस चेंबरमध्ये चढतं त्या उतारावरून) आणि एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी मागे ओढणाऱ्या आकड्याच्या) नखाखालून पूर्ण काढा. मग स्लाइडच्या दोन्ही खाचांत गन ऑइलचा एकेक थेंब, नळीच्या बाहेरच्या अंगावर बोटाने पुसट हात, बस. मॅगझिनच्या आत तेल नको, फायरिंग पिनच्या भोकात तर नकोच. तिथलं तेल चिकट झालं की पिनचा मार मऊ पडतो आणि प्राइमरवर (काडतुसाच्या बुडावरच्या पेटत्या टोपीवर) उथळ खड्डा दिसतो. नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांच्या बाजूला राहणाऱ्यांनी याकडे जास्त लक्ष द्यावं. राखेची बारीक धूळ तेलात बसली की तिची घासणारी पेस्ट होते.

आता मुख्य संशयित, म्हणजे मॅगझिन. नव्या पिस्तुलाच्या फीडिंगच्या तक्रारींत सगळ्यात आधी इथेच बघावं, रॅम्पकडे नंतर.

.३२ एसीपी, म्हणजे ७.६५ × १७ मिमी, या काडतुसाची रचना जॉन ब्राउनिंगने केली आणि ते १८९९ पासून चालत आलं आहे. त्याचं बूड ‘सेमी-रिम्ड’ आहे. पुंगळीचा व्यास बुडापाशी साधारण ८.५ मिमी, पण मागची कड म्हणजे रिम साधारण ९.१ मिमी. दोन्ही बाजूंना पाव-पाव मिलिमीटरच कड बाहेर येते. मॅगझिनमध्ये एकावर एक बसताना वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिमच्या पुढे असायला हवी. ती मागे गेली तर स्लाइड वरचं काडतूस पुढे ढकलते तेव्हा ते खालच्याच्या रिमवर अडतं. यालाच रिमलॉक म्हणतात. मॅगझिनच्या बुडावर थाप मारून आणि स्लाइड ओढून तो सुटत नाही, उलट जास्त घट्ट बसतो. मॅगझिन काढायचं, वरचं काडतूस अंगठ्याने खाली दाबून मोकळं करायचं आणि सगळी काडतुसं बाहेर काढून नव्याने भरायची.

रिमलॉक होतो तो काडतुसाला मॅगझिनमध्ये मागे-पुढे हलायला जागा मिळाली की. गोल टोकाचं, तांब्याच्या पूर्ण आवरणाचं काडतूस जवळपास २५ मिमी लांब असतं, त्यामुळे ते मॅगझिनमध्ये फार हलत नाही. हॉलो पॉइंटचं (टोकाला खळगा असलेल्या गोळीचं) नाक आखूड असतं, म्हणून तिथे धोका जास्त. सुरुवातीची सगळी तपासणी गोल टोकाच्या काडतुसांवरच करा. भरताना प्रत्येक काडतूस खालच्याच्या पुढे ठेवून मागे सरकवत बसवा, आणि मॅगझिनच्या भोकांतून किंवा फटीतून रिमची रांग बघून घ्या.

कितवं काडतूस अडकलं, ही वहीतली नोंद इथे उपयोगी पडते. पूर्ण भरलेल्या मॅगझिनचं पहिलंच अडत असेल तर नवी स्प्रिंग फार कडक आहे, वरचं काडतूस मॅगझिनच्या ओठांखालून (वरच्या वळलेल्या कडांखालून) सहज सरकत नाही. काही दिवस एक काडतूस कमी भरा, किंवा घरी मॅगझिनमध्ये डमी (दारू नसलेली) काडतुसं भरून ठेवा. शेवटची एक-दोन अडत असतील तर उलट: स्प्रिंग कमी पडते, उलटी बसली आहे, किंवा फॉलोअर (काडतुसं खालून वर ढकलणारा तुकडा) आत तिरका होतो. रिकाम्या मॅगझिनमध्ये फॉलोअर पेन्सिलने खाली दाबा आणि हळू सोडा. मध्ये कुठे अडखळला तर आतल्या भिंतीवर कड राहिली आहे किंवा पत्रा चेपला आहे. कोणत्याही नंबरला, कधीही अडत असेल तर मॅगझिन पूर्ण बसतंय का ते बघा. मॅगझिन धरून ठेवणारा कॅच नवा असताना अर्धवट खटका लागतो आणि काडतूस एक-दीड मिलिमीटर खाली राहतं, तेवढ्यावर त्याचं नाक रॅम्पच्या पायथ्याशी आदळतं. मॅगझिनच्या वरच्या ओठांना पकड लावून वाकवू नका. तिथला थोडासा फरकही काडतुसाचा कोन बदलतो, आणि मूळ माप परत आणता येत नाही.

नाक चेंबरमध्ये गेलं आहे, पण स्लाइड दोन-तीन मिलिमीटर मागेच थांबली, हा दुसरा प्रकार. फक्त हाताने पहिला राउंड चढवतानाच असं होत असेल तर दोष बहुतेक हाताचा असतो. स्लाइड धरून हलकेच पुढे नेऊ नका, पूर्ण मागे ओढून सोडून द्या, स्प्रिंगचा जोर तिला मिळायला हवा. मारतानाही होत असेल तर चेंबर तपासा. पिस्तूल उघडून, स्लाइड बाजूला ठेवून, नळीचं तोंड खाली धरा आणि डमी चेंबरमध्ये सोडा. ते ‘टक्’ करून बसलं पाहिजे आणि नळी उलटी केल्यावर आपसूक बाहेर पडलं पाहिजे. चिकटलं तर आत ग्रीस किंवा कारखान्यातली खरखर आहे. डमी नीट बसतं आणि एकाच लॉटची काडतुसं अडतात, तर काडतुसांकडे बघा: पुंगळीवर हिरवट डाग, चेपलेली कड, आत दबलेली गोळी. अशी बाजूला काढा, चालवू नका.

पुंगळी बाहेर पडताना उभी अडकते, तेव्हा सगळे एक्स्ट्रॅक्टरला दोष देतात. पण बहुतेक छोटी .३२ पिस्तुलं साध्या ब्लोबॅकची असतात. दाबाने पुंगळीच मागे येते आणि स्लाइडला ढकलते, एक्स्ट्रॅक्टरचं खरं काम न उडालेलं काडतूस बाहेर काढताना असतं. त्यामुळे इथे आधी स्लाइडचा वेग कुठे मरतो ते शोधा. मनगट सैल असेल तर अख्खं पिस्तूल मागे सरकतं आणि स्लाइड अर्धीच जाते. लहान मुठीच्या पिस्तुलात करंगळीला जागा नसते, तिथे हे हमखास होतं. तेच पिस्तूल, तेच मॅगझिन, तीच काडतुसं एखाद्या अनुभवी नेमबाजाच्या हाती देऊन, त्याच्या शेजारी उभं राहून पाच राउंड मारून घ्या. त्याच्या हातात एकही अडलं नाही, तर गनस्मिथकडे जायची गरज नाही. शेवटच्या राउंडनंतर स्लाइड मागे थांबत नसेल, तर आधी तुमचा अंगठा स्लाइड स्टॉपवर (स्लाइड मागे अडकवणाऱ्या खटक्यावर) टेकत नाही ना, ते पाहा.

सलग दोन-तीन मॅगझिन न अडता गेली की मग साइट.

दहा मीटरवर, वाळूच्या पिशवीवर मनगटं टेकवून बसा. नळी किंवा स्लाइड पिशवीला टेकवू नका. पाच-पाचचे तीन ग्रुप, तीन वेगळ्या कागदांवर, मध्ये हात खाली ठेवून विश्रांती. एका गोळीवरून काही ठरवू नका, ग्रुपचा मध्य धरा. उजव्या हाताच्या माणसाचा ग्रुप खाली डावीकडे पसरट पडला तर साइटपेक्षा ट्रिगरचा संशय जास्त. दुसऱ्या कुणाला तरी मॅगझिन भरायला सांगा, मध्येच एक-दोन डमी टाकायला सांगा. डमीवर ट्रिगर दाबताना पिस्तुलाचं तोंड खाली वाकलं, तर उत्तर मिळालं. ट्रिगर सुधारेपर्यंत साइटला हात लावू नका.

आणखी एक फसवी तक्रार म्हणजे ‘बरोबर दहा सेंटिमीटर खाली लागतं’. पंचवीस मीटरच्या प्रिसिजन टार्गेटचा काळा गोल २०० मिमीचा असतो. गोलाच्या खालच्या कडेला साइट टेकवून मारायची सवय असेल आणि पिस्तूल जिथे धरलं तिथेच मारणारं असेल, तर गोळ्या मध्यापासून १०० मिमी खालीच लागणार. पिस्तूल बरोबर आहे. साध्या पांढऱ्या कागदावर तीन सेंटिमीटरचा ठिपका काढा आणि पुढच्या साइटचा माथा त्याच्या मध्यावर ठेवून मारून बघा.

ग्रुप घट्ट आहे, दोघांच्याही हातात एकाच जागी पडतो, तेव्हाच साइट सरकवायची. किती, ते असं काढा: चुकलेलं अंतर गुणिले दोन साइटमधलं अंतर, भागिले टार्गेटचं अंतर, सगळं मिलिमीटरमध्ये. दोन साइटमध्ये १३० मिमी असतील आणि दहा मीटरवर ग्रुप ६० मिमी डावीकडे असेल, तर ६० × १३० ÷ १०,००० = ०.७८ मिमी. मागची साइट तेवढी उजवीकडे. मागची साइट गोळी न्यायची त्या दिशेला जाते, पुढची उलट दिशेला. ग्रुप ५० मिमी खाली असेल तर पुढची साइट ०.६५ मिमी जास्त उंच आहे. ती घासायची तर एका वेळी ०.२ मिमी, मग मारून बघायचं. घासलेलं लोखंड परत येत नाही. सरकवण्याआधी साइट आणि स्लाइड दोन्हींवरून बारीक मार्करची एक सलग रेघ ओढा. पुढे कधी ती तुटलेली दिसली तर साइट सैल आहे, आणि मग सगळे जुने ग्रुप बाद.

आपल्या उन्हाचाही हिशेब धरा. पुढच्या साइटची एक बाजू चमकली की डोळा तिची कड चुकीची धरतो, आणि सकाळी मध्ये असलेला ग्रुप दुपारी बाजूला जातो. जुना, खात्रीचा उपाय कापूर. स्लाइड पिस्तुलावरून काढून, साइटवरचं तेल पुसून, जळत्या कापराच्या धुरावर साइट क्षणभर धरा. दाट काळी काजळी बसते, चमक जाते. चाळिशीनंतर पुढची साइट पुसट दिसत असेल तर हात लांब करून डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि तो आकडा चष्मेवाल्याला द्या. बायफोकलमधून बघायला मान वर करावी लागते, त्याने दर वेळी डोक्याची जागा बदलते.

नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) काडतुसं गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा डिकीत ठेवू नका, आणि पिस्तूल कूलरच्या खोलीत चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका. त्या ओल्या हवेने पावसाळ्याआधीच गंज धरतो. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करावं लागलं असेल तर परत आल्यावर पहिलं काम चेंबर आणि मॅगझिन उघडून पुसण्याचं.

एवढं करूनही अडत असेल तर परवानाधारक गनस्मिथ. दुरुस्तीचं काम शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ खाली परवान्याचं आहे, म्हणून ओळखीच्या लेथवाल्याकडे नेऊ नका. वही, अडकलेली किंवा उथळ खड्ड्याची काडतुसं आणि तिन्ही कागद बरोबर न्या. त्याला एवढंच सांगा की रॅम्पला पॉलिश चालेल, पण त्याचा उतार बदलायचा नाही, आणि एक्स्ट्रॅक्टरचं टोक घासण्याआधी त्याची स्प्रिंग बदलून बघायची. शस्त्र सोपवताना परवाना दाखवा, पावतीवर पिस्तुलाचा नंबर आणि मॅगझिनची संख्या लिहून घ्या. परत घेताना त्या मॅगझिनवरचे तुमचे १ आणि २ तपासा.