तुम्ही विचारलंत म्हणून: ती टाकी फुटणार तर नाही ना?

मालवण-तारकर्लीला पहिल्यांदा स्कूबा करायला निघालेला माणूस हमखास विचारतो, "पाठीवरची ऑक्सिजनची टाकी फुटली तर?" आणि लगेच, "दुकानवाल्याने ती तपासलीय हे मला कसं कळायचं?"

आधी एक दुरुस्ती. त्या टाकीत साधी हवा असते, गाळून, कोरडी करून दाबलेली. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या टाकीत ११.१ लिटर पाणी मावतं. २०० बार (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेएवढा दाब) दाबाने तिच्यात सुमारे २,२०० लिटर हवा बसते. एवढा दाब कोंडलेला म्हटल्यावर भीती वाटणं साहजिक आहे. पण टाकीची जाड भिंत सहसा दगा देत नाही. खरी कटकट मानेपाशी असते: पितळी व्हॉल्व्ह, त्याचे आटे आणि दोन-तीन रबरी रिंगा.

व्हॉल्व्हच्या अंगावर बारीक भोकांची एक छोटी षटकोनी टोपी दिसते. तिच्या आत तांब्याची पातळ चकती असते, बर्स्ट डिस्क. कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखंच तिचं काम: दाब हाताबाहेर गेला की आधी आपण फाटायचं. अमेरिकी पद्धतीत ३,००० पीएसआयच्या, म्हणजे २०७ बारच्या टाकीची चाचणी ५,००० पीएसआयला होते आणि चकती त्या चाचणी-दाबाच्या ९० ते १०० टक्क्यांदरम्यान फाटते, साधारण ३१० ते ३४५ बारला. भोकं चारी बाजूंना असतात, कारण हवा एकाच बाजूने सुटली तर टाकी भिंगरीसारखी फिरेल.

आता मे महिन्यातलं ऊन धरा. ३० अंशांना २०० बार भरलेली टाकी होडीत ६० अंशांपर्यंत तापली, तरी दाब २२० बारच्या आसपासच जातो. म्हणजे उन्हात चकती फाटली तर दोष उन्हाचा कमी आणि चकतीच्या वयाचा जास्त. वर्षानुवर्षं भरा-रिकामी करा चालल्याने तांबं थकतं, खारं पाणी त्याला खातं. म्हणून निदान दर हायड्रो चाचणीला (पाण्याच्या दाबाने होणारी टाकीची चाचणी, तिच्याबद्दल पुढे) चकती बदलावी, आणि गास्केट-टोपीसकट अख्खा संच बदलावा. 'सारखी फाटते' म्हणून एकावर एक दोन चकत्या बसवणारे महाभागही असतात. अशा टाकीत सुरक्षेची सोयच उरत नाही. आगीत मात्र चकतीवर विसंबू नये. अर्धी रिकामी टाकी तापली तर चकती फाटण्याइतका दाब चढायच्या आत ॲल्युमिनियमच कमजोर होऊ शकतं. युरोपी बनावटीच्या व्हॉल्व्हवर ही टोपी बहुधा नसतेच, तेव्हा दिसली नाही म्हणून घाबरू नका.

याहून घातक चूक आट्यांची. अमेरिकी पाऊण इंची एनपीएसएम आटे आणि युरोपी एम२५×२ आटे दिसायला जवळपास सारखे. एम२५चा व्हॉल्व्ह पाऊण इंची मानेत फिरतो, बसल्यासारखा वाटतो, ओ-रिंग (फटीतली रबरी रिंग) हवाही धरते. पण आट्यांची पकड अपुरी असते, आणि भरताना तो व्हॉल्व्ह गोळीसारखा उडू शकतो. जगात यात माणसं गेलेली आहेत. व्हॉल्व्हवर आणि मानेवर आट्यांचा प्रकार कोरलेला असतो. दोन्ही वाचल्याशिवाय व्हॉल्व्ह बसवायचा नाही, हाताला कितीही सवय असली तरी.

व्हॉल्व्ह काढला की खाली बोटाएवढी नळी लोंबताना दिसते. टाकी उलटी झाली तर आतला गंज, पाणी किंवा भुकटी थेट व्हॉल्व्हमध्ये शिरून हवा अडू नये म्हणून ती असते. पाणी आत जातं कसं? बहुतेक वेळा भरतानाच. व्हॉल्व्हच्या तोंडात राहिलेले थेंब कंप्रेसरच्या दाबाने आत ढकलले जातात. कंप्रेसरची नळी जोडण्यापूर्वी व्हॉल्व्ह क्षणभर उघडून 'फुस्' केलं की काम झालं. टाकी पार रिकामी न करता थोडा दाब शिल्लक ठेवायचा तोही याचसाठी. पोलादी टाकीत पाणी राहिलं तर गंज आतला ऑक्सिजन खातो; महिनोन् महिने पडून राहिलेल्या अशा टाकीतली हवा धोक्याची.

तपासणी दोन प्रकारची. नजरेची: व्हॉल्व्ह काढून, आत दिवा सोडून, आरशाने मानेतले आटे आणि तळ पाहणं. बाहेरचं रबरी बूड काढलंच पाहिजे, कारण खारं पाणी तिथेच साठतं. ६३५१ या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या जुन्या टाक्यांच्या (१९८८पर्यंत अशा अनेक बनल्या) मानेत तडे जातात, म्हणून त्यांना एडी करंटची (विजेच्या प्रवाहाने तडे हुडकणारी) वेगळी चाचणी लागते. अमेरिकेत नजरेची तपासणी दरवर्षी करण्याचा धंद्यातला रिवाज आहे, ब्रिटनमध्ये अडीच वर्षांनी. हायड्रो दोन्हीकडे पाच वर्षांनी. हायड्रोत टाकी पाण्याने भरून चाचणी-दाब देतात. ती किंचित फुगते. दाब सोडल्यावर एकूण फुगवट्याच्या १० टक्क्यांहून जास्त फुगवटा कायम राहिला तर टाकी बाद. आपल्याकडे हा कारभार गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येतो आणि तो पाहणाऱ्या 'पेसो'चं (केंद्राची पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संस्था) मुख्यालय आहे नागपूरला, समुद्रापासून चांगलं लांब! चाचणीची मुदत उलटलेलं सिलिंडर भरायला या नियमांत मनाई आहे.

तेव्हा दुकानात गेलात की टाकीच्या खांद्यावर कोरलेली शेवटच्या चाचणीची तारीख दाखवा म्हणा. स्टिकर सांगेल त्यापेक्षा कोरीव आकडा भरवशाचा. व्हॉल्व्हच्या तोंडातली ओ-रिंग चिरलेली नाही ना ते पाहा. फुसफुस बहुधा तिथूनच येते, आणि रिंग बदलायला मिनिटभर पुरतं. व्हॉल्व्ह हळू उघडावा, दाब दाखवणाऱ्या गेजची काच तोंडापासून वळवून. पूर्ण उघडून पाव फेरा मागे घ्यायची जुनी सवय सोडलेलीच बरी: घाईत कोणी बंद व्हॉल्व्ह पाव फेरा उघडला, तर वर श्वास नीट येतो आणि खोलवर अडतो. म्हणून पाण्यात उतरण्याआधी गेजकडे बघत रेग्युलेटरमधून (टाकीतली हवा श्वासाच्या दाबाला आणून तोंडाशी देणारं साधन) चार मोठे श्वास घ्या. श्वासागणिक सुई खाली जाऊन परत वर येत असेल तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे; पूर्ण उघडायला सांगा आणि पुन्हा चार श्वास घ्या.