गाडीचा अलार्म उगाच वाजतोय? सायरनची तार तोडू नका

अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातून बसवून घेतलेला अलार्म कारण नसताना वाजायला लागला की बहुतेक जण वैतागून सायरनची तार तोडून टाकतात. आवाज थांबतो, पण बिघाड तसाच राहतो. इंडिकेटर रात्रभर लुकलुकत बसतात, बॅटरी उतरते आणि खरंच कोणी काच फोडली तर गाडी मुकी असते. उगाच वाजणाऱ्या अलार्ममागे कारण असतंच, आणि ते चार-पाच ठरलेल्या जागांपैकी एका जागी सापडतं. हे सगळं बाहेरून बसवलेल्या सिस्टीमबद्दल आहे. कंपनीतूनच आलेला अलार्म असेल तर तारांना हात न लावता सर्व्हिस सेंटरला जा. तिथे स्कॅनर लावून तो कशामुळे वाजला ते बघता येतं.

आधी आवाज बंद करू. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि सायरनच्या खोक्यावर ११० ते १२० डेसिबल छापलेलं असतं, म्हणजे शेजाऱ्यांची तक्रार रास्तच आहे. रिमोटचं अनलॉक दाबा. रिमोट चालत नसेल तर किल्लीने दार उघडा. सायरन वाजेल, वाजू द्या. इग्निशन ऑन करा आणि अलार्म तात्पुरता बंद ठेवणारा व्हॅले स्विच दाबा. हे लहानसं बटण स्टिअरिंगखाली, फ्यूजबॉक्सजवळ किंवा ग्लोव्हबॉक्सच्या मागे लपवलेलं असतं. काही सिस्टीममध्ये एकदा दाबून पुरतं, काहींत काही सेकंद धरून ठेवावं लागतं. व्हॅले मोड लागला की डॅशबोर्डवरचा एलईडी बहुधा स्थिर पेटून राहतो. मग अलार्म आणि इमोबिलायझर (गाडी सुरू होऊ न देणारी सोय) दोन्ही बंद होतात, सेंट्रल लॉक मात्र चालू राहतं. जुनी गाडी घेतली असेल तर हे बटण कुठे आहे ते आजच दिवसाउजेडी शोधून ठेवा.

तेही जमलं नाही तर बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. पॉझिटिव्हला आधी हात लावू नका, पाना बॉडीला टेकला तर शॉर्ट होईल. काही सायरनमध्ये स्वतःची छोटी बॅटरी असते. असा सायरन केबल काढल्यावर उलट वाजायला लागतो. तो त्याच्या अंगावरच्या लहान किल्लीने आधी बंद करावा लागतो.

आता कारण शोधायचं. बऱ्याच सिस्टीम अनलॉक केल्यावर एलईडी ठरावीक वेळा लुकलुकवून अलार्म कशाने वाजला ते सांगतात: दार, बॉनेट की धक्का. किती वेळा लुकलुकलं म्हणजे काय, ते मॉडेलप्रमाणे बदलतं, म्हणून मॅन्युअल बघा. हा एक आकडा कळला की निम्मं काम झालं.

त्यानंतर बॅटरी. मल्टीमीटर लावा, पण गाडी काही तास उभी असताना. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे चार्जिंगला पाठवा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवं. बॅटरी कमजोर असेल तर स्टार्टर मारताना व्होल्टेज इतकं पडतं की अलार्मचा कंट्रोल बॉक्स क्षणभर बंद होऊन परत चालू होतो आणि सायरन फुंकतो. काही सिस्टीम व्होल्टेज अचानक पडलं की दार उघडलं असं धरतात. गाडी लावून गेल्यावर दोन-तीन मिनिटांत अलार्म वाजत असेल तर रेडिएटरचा पंखा ऐका. इंजिन गरम असल्यामुळे तो किल्ली काढल्यावर सुरू झाला की व्होल्टेज पडतं आणि असं होतं. व्होल्टेज सेन्सिंग सेटिंगमधून बंद करता येत असेल तर करा.

पावसाळ्यात सगळ्यांत जास्त त्रास देणारी वस्तू म्हणजे बॉनेटचा पिन स्विच. स्प्रिंगवर वरखाली होणारी एक दांडी, खाली एकच तार. बॉनेट उघडलं की दांडी वर येते, तार बॉडीला अर्थ (ग्राउंड) होते आणि सायरन वाजतो. बसवणारा घाईत असला की बॉनेटच्या कडेची, पाणी वाहून जायची पन्हळच भोक पाडायला निवडतो. तिथे पाणी साचतं, दांडी गंजते आणि बॉनेट बंद असतानाही ओलीतून अर्थ मिळत राहतो. तपासणी सोपी आहे: स्विचची तार काढा, टोकाला टेप गुंडाळा आणि दोन रात्री गाडी नेहमीसारखी लॉक करा. अलार्म गप्प राहिला तर चोर सापडला. पॉलिश पेपरने घासत बसू नका. स्वस्त वस्तू आहे, नवीन घाला, पन्हळ सोडून कोरड्या जागी बसवा आणि थोडं ग्रीस लावा. बॉनेट दांडीला नीट दाबतंय का, हेही बघा. दांडीच्या टोकावर कणकेची गोळी ठेवून बॉनेट बंद करा आणि उघडा. गोळी कागदासारखी चपटी झाली तर ठीक. जाड राहिली तर दांडी पुरेशी दबत नाही, उंची वाढवा.

दाराच्या स्विचची परीक्षा आतल्या दिव्यावर होते. दिवा डोअर पोझिशनवर ठेवा, दारं बंद करा, प्रत्येक दार बाहेरून हलवून बघा. दिवा चमकला की ते दार. डिकी विसरू नका.

धक्का ओळखणारा शॉक सेन्सर ही डॅशबोर्डखालची लहान डबी. तिला एक स्क्रू असतो, आणि लोक तोच आधी पिळतात. आधी डबी हलवून बघा. दुहेरी टेपने चिकटवलेली असेल तर उन्हाने टेप सुटतो, डबी तारेवर लोंबकळते आणि ट्रक गेला तरी अलार्म होतो. ती स्टिअरिंग कॉलमच्या ब्रॅकेटला केबल टायने घट्ट बांधा, मगच स्क्रू फिरवा. एका वेळी पाव फेरा, बहुधा घड्याळाच्या उलट दिशेने फिरवलं की संवेदना कमी होते. गाडी लॉक करून मिनिटभर थांबा, कारण सेन्सर लगेच जागा होत नाही. मग दोन दारांमधल्या खांबावर मुठीची मऊ बाजू मारा. तळहाताच्या थापेला गप्प आणि मुठीच्या दणक्याला सायरन, इतकं जमलं की थांबा. ढोलताशा किंवा सुतळी बॉम्बसाठी स्क्रू पार बंद करू नका. अनेक रिमोटवर त्या वेळेपुरता सेन्सर वगळण्याची सोय असते, ती वापरा.

रिमोट अगदी जवळूनच चालत असेल तर सेल बदला. जुन्या रिमोटात १२ व्होल्टचा २३ए किंवा २७ए सेल असतो. दोघांची लांबी जवळपास सारखी, पण २७ए बारीक आहे. २३एच्या जागी घातला तर सैल बसतो आणि रिमोट मधूनच मरतो.

बॅटरी वारंवार उतरत असेल तर निगेटिव्ह केबल काढून केबल आणि टर्मिनल यांच्यामध्ये मल्टीमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावा. दारं बंद, बॉनेटची दांडी दाबलेली. अर्धा तास थांबा आणि मीटर लावलेला असताना स्टार्टर मारू नका, नाहीतर मीटरचा फ्यूज जाईल. बंद गाडीत ५० मिलीअँपिअरपर्यंत करंट गेला तर चालतं. २५० दिसले तर दिवसाला ६ अँपिअर-अवर जातात, म्हणजे लहान गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी तीन दिवसांत निम्मी. अलार्मचा फ्यूज काढून आकडा पडतो का बघा.

सगळ्यांत गंभीर भाग इमोबिलायझरचा. फिटर गाडीची एक मूळ तार कापून मध्ये रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, घालतो. ही तार स्टार्टरचीच असावी. पेट्रोल पंपाची किंवा इग्निशनची कापली असेल तर रिले किंवा जोड सैल झाल्यावर चालती गाडी हायवेवर बंद पडते. पिळून टेप मारलेले जोड असतील तर वायरमनकडून सोल्डर करून वर हीटश्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवून घ्या. सिस्टीम कायमची काढायची असेल तर नुसता बॉक्स उपटून चालत नाही. रिलेच्या दोन्ही बाजूंची कापलेली तार परत एकमेकींना जोडायची, तितक्याच जाडीच्या तारेने, आणि इंडिकेटर, ब्रेक लाइट, सेंट्रल लॉक तपासूनच डॅशबोर्डचं पॅनेल बसवायचं.