अकरा लॉगिन, वापरणारे तिघं

दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या फोनवर एक ओटीपी यायचा. १८,८२१ रुपये. आमच्या भोसरीच्या ऑफिसमधल्या सीआरएमचं, म्हणजे गिऱ्हाईकांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरचं, महिन्याचं भाडं. कार्डावरून आपोआप जाणारी रक्कम १५,००० च्या वर असेल तर दर वेळी विचारायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ते विचारत होते आणि मी चार वर्षं चहा पिता पिता हो म्हणत होतो.

आमचा धंदा एअर कॉम्प्रेसर विकण्याचा आणि त्यांच्या सर्व्हिसचा. आम्ही १४ माणसं, त्यातल्या ११ जणांना लॉगिन. एका लॉगिनला महिना १,४५० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मेल आला की जानेवारीपासून लॉगिनमागे १,७५० होतील. का, तर आता त्यात ‘एआय सहायक’ आहे. तो नको असेल तर? तशी सोयच नव्हती. करारात खाली बारीक अक्षरात होतं की लॉगिन कमी करायचे असतील तर मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी कळवावं. मुदत ३१ डिसेंबर, म्हणजे कळवायची शेवटची तारीख १ नोव्हेंबर. मधे फराळ, भाऊबीज आणि आठ दिवस बंद ऑफिस.

चिडून मी पहिल्यांदाच ॲडमिनमध्ये जाऊन कोण किती वेळा लॉगिन करतं ते पाहिलं. महिनाभरात तिघांनी. बॅक ऑफिसच्या ताई, अकाउंट्सचा मुलगा आणि मी. मीसुद्धा फक्त रिपोर्ट बघायला. आठही सर्व्हिस इंजिनिअर शून्य.

त्यांना तरी काय बोलणार? सर्व्हिस रिपोर्टच्या फॉर्ममध्ये ३७ रकाने, त्यातल्या १९ ना लाल फुली, म्हणजे ते भरलेच पाहिजेत. चाकणच्या शेडमध्ये कोपरापर्यंत ऑइलने माखलेला माणूस तो फॉर्म भरणार? तो काम आटोपून व्हॉट्सॲप ग्रुपवर बोलून मोकळा होतो: “ताई, चाकणचं झालं. सेपरेटर बदलला, प्रेशर पावणेसातला लावलंय, रनिंग एकोणीस हजार चारशे. पुढच्या वेळी बेल्ट बघायला लागंल.” संध्याकाळी ताई कानात इअरफोन घालून हे सगळं ऐकायच्या आणि फॉर्ममध्ये टाइप करायच्या. अकरा जणांनी टाइप करावं म्हणून मी भाडं भरत होतो आणि टाइप करत होती एकटी बाई.

भाचा हिंजवडीत नोकरीला आहे. भाऊबीजेला जेवताना त्याच्यापुढे रडगाणं गायलो. तो म्हणाला, “मामा, तुम्ही सॉफ्टवेअरचं नाही, खुर्च्यांचं भाडं भरताय.” सेल्सफोर्स ही सीआरएम विकणारी अमेरिकन कंपनी १९९९ मध्ये सुरू झाली, तिथपासून या धंद्याची अशीच बांधणी म्हणे. माणसामागे महिन्याला अमुक इतके. गिऱ्हाईकाची माणसं वाढली की यांचं उत्पन्न आपोआप वाढतं. आता टाइप करायला माणूसच लागला नाही तर खुर्ची कशाची मोजणार? मायक्रोसॉफ्टचे सत्या नाडेला डिसेंबर २०२४ मध्ये एका मुलाखतीत साधारण हेच बोलले होते. धंद्याची बहुतेक ॲप्स म्हणजे आत एक डेटाबेस आणि वर थोडे नियम. ते नियम उद्या एजंटकडे, म्हणजे सांगितलेलं काम स्वतःच करणाऱ्या एआय प्रोग्रॅमकडे, जातील. कंपन्यांनाही हे कळलंय. सेल्सफोर्सने आपला एजंट आणला तेव्हा दर संभाषणाला २ डॉलर लावला, माणसामागे नाही. ग्राहकसेवेचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या इंटरकॉमनेही आपला एजंट आणताना, त्याने ग्राहकाची तक्रार सोडवली तरच ९९ सेंट, असा दर लावला.

भाचा म्हणाला, सगळंच बंद करा, मी दोन रविवारात बनवून देतो. माझी छाती झाली नाही. मी ३१ ऑक्टोबरला मेल टाकला: ११ वरून ४ लॉगिन. भाच्याने शेजारी स्वतःचा डेटाबेस आणि एजंट बनवायचा, जमलं तर ते चारही पुढे काढू.

मग आपलाच डेटा बाहेर काढायची वेळ आली. ‘एक्सपोर्ट’चं बटण होतं, फाइलही आली, पण एक्सेलमध्ये उघडली तर जिथे जिथे मराठी होतं तिथे किड्यामुंग्या. ते भाच्याने पाच मिनिटांत निस्तरलं. पण गिऱ्हाईकाच्या सहीचे सर्व्हिस रिपोर्टचे फोटो त्या फाइलमध्ये नव्हतेच. ते एकेका नोंदीत जाऊन उतरवायचे किंवा एपीआयने, म्हणजे प्रोग्रॅमसाठी ठेवलेल्या मागच्या दाराने, खेचायचे, आणि एपीआयला दिवसाचा कोटा. चार वर्षांचे फोटो यायला अकरा रात्री लागल्या. आपलंच सामान आपल्याच घरातून, पण गुरख्याच्या परवानगीने.

एजंटचं काम वरवर सोपं होतं. आमचा व्हॉट्सॲपचा ग्रुप त्याला सरळ वाचता येत नव्हता, म्हणून बिझनेसचा वेगळा नंबर घेतला आणि इंजिनिअरना सांगितलं, ग्रुपवर बोलता तेच इथे बोला. एजंट ते ऐकतो, मशीन कोणतं ते शोधतो, रकाने भरतो, सेपरेटर गेला असेल तर स्टॉकमधून वजा करतो आणि काही राहिलं असेल तर इंजिनिअरला मराठीतच विचारतो. पहिल्या दिवशी ३१ नोंदी झाल्या. ताई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. “सर, मग मी काय करायचं आता?” माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

उत्तर चौथ्या दिवशी त्यांनीच दिलं. त्यांनी एका नोंदीवर बोट ठेवलं. प्रेशर ७.७५ बार. “सर, ह्या मशीनचं कमाल प्रेशरच साडेसात आहे.” रेकॉर्डिंग काढून ऐकलं. इंजिनिअर स्वच्छ ‘पावणेसात’ म्हणाला होता. एजंटने सातात पाऊण मिळवला होता! मग मागच्या सगळ्या नोंदी तपासल्या. दीड, अडीच बरोबर, सव्वा आणि साडे बरोबर, पावणे मात्र तीन ठिकाणी चुकलेलं. भाच्याने नियम घातला की असा शब्द आला तर आकड्याशेजारी बोललेला शब्दही लिहायचा आणि ताईंनी पाहिल्याशिवाय नोंद पक्की करायची नाही.

दुसरी चूक महागात पडली. एका गिऱ्हाईकाचे दोन प्लांट आहेत, चाकणला आणि इथे भोसरीत. इंजिनिअर चाकणला जाऊन आला, एजंटने भोसरीची एएमसीची, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कराराची, व्हिजिट ‘झाली’ करून टाकली. तिथे कोणी गेलंच नाही. त्यांचा मेंटेनन्सवाला फोनवर जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याहून वाईट म्हणजे भाच्याने बनवलेल्या डेटाबेसमध्ये ती नोंद कोणी, कधी बदलली ते सापडेना. त्याने तो भाग ‘नंतर करू’ म्हणून ठेवला होता. वॉरंटीचा क्लेम आला की कॉम्प्रेसर बनवणारी कंपनी मशीनची जन्मकुंडली मागते. तिला ‘एजंटला विचारा’ सांगून चालत नाही. तेव्हा मला कळलं की भाड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कामाचं काय होतं: ते ३७ रकाने नव्हे, तर खाडाखोड लपत नाही अशी वही.

डिसेंबरच्या शेवटी मी भाच्याचा डेटाबेस बंद केला. तो हिरमुसला, पण रविवारची दोन मटणाची जेवणं त्याने वसूल केली होती, त्यामुळे फार बोलला नाही. एजंट ठेवला. आता तो चार लॉगिनपैकी एक घेऊन त्या भाड्याच्याच सॉफ्टवेअरमध्ये लिहितो आणि त्याने लिहिलेलं त्याच्या नावावर दिसतं. ताई सकाळी तासभर फक्त शंकेच्या नोंदी बघतात. उरलेल्या वेळात गिऱ्हाईकांना एएमसी रिन्यूअलचे फोन करतात. हे काम पूर्वी कोणीच नीट करत नव्हतं.

हिशोब सांगतो, जीएसटी सोडून. जुन्यासारखंच चालू ठेवलं असतं तर या वर्षी २,३१,००० गेले असते. आता चार लॉगिनचे ८४,०००, आणि एजंटच्या एआय मॉडेलचे व सर्व्हरचे मिळून महिन्याला साधारण ४,७००, म्हणजे वर्षाला ५६,४००. वाचले ९०,६००. भाच्याचे तास यात धरलेले नाहीत. धरले तर पहिल्या वर्षी फारसं काही उरत नाही.

मार्चमध्ये सॉफ्टवेअर कंपनीच्या सेल्स मॅनेजरचा फोन आला. आवाज गोड. “सर, तुमच्या एका युजरच्या दिवसाला एवढ्या एन्ट्रीज? खूपच मेहनती माणूस दिसतोय.” मी सरळ सांगितलं, माणूस नाही. तो हसला आणि म्हणाला, आमचंही त्यावर काम चालू आहे. पंधरा दिवसांत मेल हजर: पुढच्या करारापासून ‘स्वयंचलित प्रवेशा’ला वेगळा दर, हजार नोंदींमागे. खुर्ची गेली तर दारावर टोल. मला राग आला, पण नवल नाही वाटलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं.

बाकी पाच तारखेचा तो ओटीपी आता येत नाही. रक्कम ८,२६० वर आली, १५,००० च्या आत. आदल्या दिवशी एक मेसेज येतो आणि पैसे गुपचूप जातात. म्हणून ऑफिसातल्या कालनिर्णयवर १ नोव्हेंबरला लाल गोल केलाय, आणि ताईंना सांगून ठेवलंय की दसऱ्यापासूनच मला आठवण करायला लागा.