पत्र्याची शाळा आणि वादळाचा आराखडा : माझा अनुभव

जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या कुशीतील एका पाड्यावर जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा आहे आणि तिच्या मुख्याध्यापकपदाचा कार्यभार माझ्याकडे आहे. पहिली ते चौथीचे वर्ग, एक स्लॅबची खोली, एक पत्र्याची खोली, तिच्यापुढे पत्र्याचीच पडवी आणि बाजूला पोषण आहाराचे स्वयंपाकघर एवढाच तिचा पसारा. या शाळेसाठी आम्ही वादळाचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा तयार केला. तो कागदावर आणणे सोपे होते. पाड्याच्या गळी उतरवून प्रत्यक्ष वापरात आणणे हेच खरे काम होते. अशाच दुर्गम शाळांतील सहकाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून तो सारा प्रवास येथे सविस्तर मांडत आहे.

चक्रीवादळ म्हटले की कोकणचा किंवा ओडिशाचा किनारा डोळ्यांसमोर येतो. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि पुढे कमकुवत होत राज्याच्या अंतर्भागातून ईशान्येकडे सरकले, हे सर्वांच्या स्मरणात आहे. परंतु खानदेशात आमची गाठ पडते ती मुख्यतः वैशाख-ज्येष्ठातल्या वादळी पावसाशी. दुपारपर्यंत अंग भाजणारे ऊन असते, मग पश्चिमेकडून धुळीचा लोट उठतो आणि अर्ध्या-पाऊण तासात रावेर, यावल, चोपडा पट्ट्यातील कापणीला आलेल्या केळीबागा आडव्या होतात. त्याच वाऱ्यात शाळांचे पत्रे उडतात.

किनाऱ्यावरच्या वादळात आणि आमच्या वादळात मोठा फरक आहे तो पूर्वसूचनेचा. वायव्य पॅसिफिक महासागरात वाऱ्याचा वेग ताशी 118 किलोमीटरच्या पुढे गेला की त्या वादळाला टायफून म्हणतात. फिलिपिन्समध्ये 2012 च्या शासकीय आदेशाने अशी पद्धत घालून दिली होती की, इशाऱ्याची पहिली पातळी जाहीर झाली की बालवर्ग आणि दुसरी जाहीर झाली की प्राथमिक व माध्यमिक शाळा आपोआप बंद व्हाव्यात. समुद्रावरचे वादळ काही दिवस आधीपासून उपग्रहावर दिसते, म्हणून हे शक्य होते. आमच्याकडे मात्र हवामान विभागाचा तात्काळ इशारा येतो तो पुढील तीन तासांपुरता, आणि पाड्यावर मोबाइलची रेंज नसल्यामुळे तोही वेळेवर हाती पडत नाही. म्हणजे वादळ येते तेव्हा मुले शाळेतच असतात, असे धरूनच आम्हाला आराखडा करावा लागणार होता.

वरिष्ठ कार्यालयाकडून आलेला आराखड्याचा नमुना बहुमजली इमारतीच्या, शिपाई आणि लिपिक असलेल्या शाळेला शोभणारा होता. त्यात शोधपथक, बचावपथक, प्रथमोपचार पथक, संपर्क पथक अशा पथकांचे रकाने होते आणि आम्ही शिक्षक दोघेच. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2016 मध्ये शाळा सुरक्षेची जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत स्थानिक धोके ओळखून शाळेने स्वतःचा आराखडा करावा असाच आग्रह आहे. म्हणून नमुन्याचे रकाने भरण्याआधी आम्ही एका मोठ्या कागदावर शाळेचा दिवस तासातासाने लिहून काढला आणि प्रत्येक तासाला कोणते मूल कुठे असते, त्याच्या डोक्यावर कोणते छप्पर असते आणि घरी जाताना वाटेत काय लागते, हे त्यापुढे मांडले. त्या कागदातून लगेच एक गोष्ट लक्षात आली. उन्हाळ्यात शाळा सकाळची असते आणि मे महिन्यात सुट्टी असते, त्यामुळे त्या दिवसांत धोका इमारतीला असतो. मुलांना खरा धोका आहे तो जूनच्या उत्तरार्धात आणि पुन्हा परतीच्या पावसात, दुपारच्या जेवणानंतर शाळा सुटेपर्यंतच्या वेळेत.

आणि याच वेळेत आजवरची रीत काय होती, तर आभाळ भरून आले की पोरे घरी सोडून द्यायची. यामागे काळजीच होती, हे मी मनापासून मानतो. पण घराच्या वाटेवर उघडे शेत आहे, महूची आणि सागाची झाडे आहेत आणि एक नाला आहे. विजांच्या कडकडाटात उघड्यावर असणे आणि झाडाच्या आडोशाला थांबणे या सर्वांत घातक गोष्टी, आणि आमच्या सात-आठ वर्षांच्या मुलांना वाटेत पावसाने गाठले तर ती नेमकी झाडाखालीच थांबणार. म्हणून आराखड्याचा कणा एकाच नियमावर उभा राहिला : वादळ डोक्यावर असताना शाळा सोडायची नाही. बाकी सारे उपाय हा नियम पाळता यावा यासाठीच होते.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा नियम मांडला तेव्हा अध्यक्ष असलेल्या ताई पटकन म्हणाल्या, “गुरुजी, पोर माझं आहे. वीज कडाडली की मी वावरातून पळत येणारच. तुमचा कागद तेव्हा कोण वाचतो?” त्यांचे म्हणणे अगदी रास्त होते. मुलाला आणायला धावणारी आई स्वतःच उघड्यावर सापडते, ही बाब नमुन्यात कुठेच नव्हती. मग ठराव असा झाला की, वादळ दिसताच पालकांनी जिथे असतील तिथल्या पक्क्या घरात थांबावे. जो शाळेपर्यंत पोहोचेल त्यानेही मुलांसोबत आतच थांबावे. आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्याशिवाय कोणालाही बाहेर सोडू नये. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत तीस आकडे मोजून होण्याआधीच गडगडाट ऐकू आला तर वीज साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे, हे मुलांना शिकवले. ध्वनीला एक किलोमीटर कापायला सुमारे तीन सेकंद लागतात, हा परिसर अभ्यासाचा धडा त्यानिमित्ताने चौथीच्या मुलांना कायमचा समजला.

मुले आत थांबवायची तर छप्पर टिकले पाहिजे. याविषयी मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक शाळांत याकडेच दुर्लक्ष होते. वारा पत्र्याला दाबतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो पत्रा उचलतो. छतावरून वेगाने जाणारा वारा वरून ओढ निर्माण करतो आणि पडवीखाली किंवा उघड्या दारातून शिरलेला वारा खालून रेटतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी 60 किलोमीटरचा वारा 90 झाला की जोर दीडपट न होता सव्वादोन पट होतो. पायथ्याच्या गावातील वेल्डर शिडी लावून वर चढला तेव्हा पत्रे खालच्या चौकटीला धरून ठेवणाऱ्या आकड्यासारख्या जे-बोल्टचे कितीतरी नट पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी फिरत होते आणि त्याखालचे रबरी वॉशर उन्हाने भाजून बिस्किटासारखे चुरा होत होते. पत्रे दाबून राहावेत म्हणून कोणीतरी केव्हातरी वर दगड ठेवलेले होते. ते आम्ही सर्वांत आधी उतरवले, कारण वादळात तेच दगड खाली बसलेल्यांच्या अंगावर येतात. कडेच्या आणि कोपऱ्याच्या ओळींत बोल्ट जवळजवळ घेतले, वॉशर सर्व बदलले आणि पडवीचे छप्पर खोलीच्या छपरापासून वेगळे बांधून घेतले, म्हणजे पडवी गेली तरी ती खोलीचे पत्रे सोबत ओढून नेणार नाही. समग्र शिक्षा अभियानातून तीस ते शंभर पटाच्या शाळेला वर्षाला 25,000 रुपये संयुक्त अनुदान मंजूर असते. समितीच्या ठरावाने त्यातून साहित्य घेतले आणि मजुरीऐवजी पाड्यातील तरुणांनी श्रमदान केले. अंगणातील निंबाची वाळलेली फांदी वनरक्षकांना विचारून उतरवली.

एवढे करूनही पत्र्याच्या खोलीवर आम्ही विसंबलो नाही. घंटेचे सलग ठोके पडले की सर्व मुलांनी स्लॅबच्या खोलीत यायचे, स्वयंपाकी मावशींनी चूल विझवून मुलांमागोमाग यायचे, वाऱ्याच्या बाजूची दारे-खिडक्या लावायच्या, मुलांनी खिडकीच्या गजांपासून दूर, मधोमध बसायचे आणि आम्ही हजेरीपत्रकावरून डोकी मोजायची. घंटा वाजवण्याचा अधिकार शिक्षकांपुरता न ठेवता मावशींनाही दिला, कारण स्वयंपाकघराच्या दारातून तापीकडचे आभाळ आमच्या वर्गांतून दिसते त्यापेक्षा आधी दिसते. रेंज मिळते ती टेकडीवर. तेथे जेवणाच्या सुट्टीत आमच्यापैकी एकाने जाऊन हवामान विभागाचा इशारा आणि विजांची सूचना देणारे ‘दामिनी’ अॅप पाहून यायचे ठरले.

स्लॅबच्या खोलीत आणखी एका गोष्टीची सोय करायची होती, आणि ती म्हणजे जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही. आमच्या पावरा आणि तडवी या आदिवासी कुटुंबांकडे आजोबा-पणजोबांच्या जातीचा लेखी पुरावा म्हणून बहुधा शाळेतील नोंदच असते. जात पडताळणीच्या वेळी नातवंडांना तीच उपयोगी पडते. असे रजिस्टर पत्र्याच्या खोलीतील लाकडी कपाटात ठेवणे मला सहन होत नव्हते. ते लोखंडी पेटीत, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, विटांच्या थरावर ठेवले आणि प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून एक प्रत केंद्रप्रमुखांकडे दिली.

सर्वांत अधिक वेळ लागला तो नाल्यापलीकडच्या मुलांच्या प्रश्नाला. वरच्या डोंगरात पाऊस झाला की नाला रात्रभर उतरत नाही. समितीने अलीकडची काही पक्की घरे निश्चित केली आणि कोणते मूल कोणाकडे राहील हे दोन्ही घरांच्या संमतीने लिहून ठेवले. त्यासाठी पोलीस पाटील आणि अंगणवाडी सेविका घरोघर फिरल्या. पलीकडच्या घरांना निरोप कसा द्यायचा, हा पेच त्यांनीच सोडवला : मूल सुरक्षित पोहोचले की काठावरून बॅटरीचा उजेड ठरलेल्या पद्धतीने दाखवायचा.

तयार झालेला आराखडा कार्यालयाकडे पाठवला तेव्हा तो विहित नमुन्यात नाही म्हणून परत आला. आम्ही नमुन्याचे रकाने भरून वर जोडले आणि आमची मूळ पाने परिशिष्ट म्हणून तशीच ठेवली. मग तो स्वीकारला गेला. शाळांनी असेच करावे असे माझे मत आहे, कारण निरीक्षणाला नमुना लागतो आणि वादळाला परिशिष्ट.

शाळा उघडल्यानंतर रंगीत तालीम घेतली. पहिलीची मुले घंटा ऐकून घराकडे पळू लागली, म्हणून चौथीच्या प्रत्येक मुलाकडे पहिलीचे एकेक मूल सोपवले. जून संपण्याआधीच आराखड्याची खरी वेळ आली. मावशींनी घंटा दिली, मुले आत आली, वारा आणि पाठोपाठ गारा सुरू झाल्या. पडवीचा एक पत्रा वाकला, खोलीचे छप्पर जागच्या जागी राहिले. अध्यक्ष ताई त्या दिवशी वावराजवळच्या घरात थांबल्या आणि पाऊस उघडल्यावरच आल्या. नाल्यापलीकडची मुले ठरलेल्या घरी राहिली.

पत्र्याच्या खोलीच्या जागी स्लॅबची खोली व्हावी, यासाठीचा प्रस्ताव शाखा अभियंत्यांच्या पाहणीनंतर आदिवासी उपयोजनेतून मंजुरीसाठी पाठवला आहे आणि त्याचा पाठपुरावा सुरू आहे. तोवर दर एप्रिलमध्ये, सुट्टी लागण्यापूर्वी, बोल्ट तपासले जातात आणि पेटी उघडून पाहिली जाते. घरांची यादी मात्र जूनमध्ये नव्याने करावी लागते, कारण ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेली कुटुंबे तोपर्यंत परतलेली असतात.